बेस गिटारचा ॲम्प: पहिले कॅबिनेट कोणते घ्यावे आणि दुसरे केव्हा जोडावे?

खर्जातला

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षांपासून बेस गिटार वाजवतो. महाविद्यालयात असताना फिरोदिया करंडकाच्या संघात वादक कमी पडले म्हणून हे वाद्य हातात घेतले आणि मग ते सुटलेच नाही. आता नोकरी सांभाळून दोन ठिकाणी वाजवतो. एक आमचा चौघांचा रॉक गट आहे, ज्याचा सराव आम्ही भाड्याच्या गाळ्यात दर रविवारी करतो. दुसरा भावगीते आणि जुनी चित्रपटगीते सादर करणारा वाद्यवृंद आहे. त्याचे कार्यक्रम कधी नाट्यगृहात, कधी सोसायटीच्या आवारात, तर गणेशोत्सवात मांडवात होतात.

सध्या माझ्याकडे दहा इंची स्पीकर असलेला ४० वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. घरी तो पुरून उरतो. गाळ्यात मात्र ड्रमवादकाने जोर धरला की मला माझेच सूर ऐकू येत नाहीत, आणि आवाज वाढवला तर खालचे सूर फाटतात. म्हणून पुढची पायरी चढायचे ठरवले असून तीन पर्याय समोर आहेत. पहिला, ओळखीच्या एका वादकाकडे ५०० वॉटचे हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि चार दहा इंची स्पीकरचे, ४ ओहम रोधाचे जुने कॅबिनेट (स्पीकरची पेटी) विकायला आहे. दुसरा, बाहेरचे कॅबिनेट जोडता येईल असा मोठा कॉम्बो नवा घ्यावा. तिसरा, आतेभाऊ दिवाळीला अमेरिकेहून येणार आहे, त्याच्याकडून एखादे हलके हेड मागवावे आणि कॅबिनेट इथे घ्यावे.

मी कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट लहान आहे आणि माझ्याकडे चारचाकी नाही. सामान रिक्षातून न्यावे लागेल. एकदम सगळे घेण्याइतके पैसे नाहीत, त्यामुळे आज घेतलेली वस्तू उद्या निरुपयोगी ठरू नये, एवढीच मुख्य इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी तार

तुम्ही परिस्थिती सविस्तर लिहिलीत, त्यामुळे सांगणे सोपे झाले. तुमच्या लिहिण्यात भर वॉटवर आहे. मी पंचवीस वर्षांपूर्वी असाच वॉटच्या मागे लागून दोनदा पैसे वाया घालवले, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे तुमच्या ४० वॉटच्या दुप्पट मोठे ऐकू यावे असे वाटत असेल, तर त्याच स्पीकरला ४०० वॉट द्यावे लागतील, आणि ते देण्याआधीच तो स्पीकर जळेल. याउलट स्पीकरची संवेदनशीलता पाहा. एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ते कॅबिनेटच्या माहितीपत्रकात छापलेले असते. ९४ डेसिबलचे कॅबिनेट काढून ९७ डेसिबलचे लावले, तर तोच ॲम्प दुप्पट वॉटचा झाल्यासारखा वाजतो. दुकानात हा आकडा कोणी आपणहून सांगत नाही. तो विचारून घ्यावा.

आता विस्ताराकडे येतो. आजचे बहुतेक हलके हेड क्लास डी प्रकारचे (कमी वजनात जास्त शक्ती देणारे) असतात आणि त्यांच्यावर 'किमान ४ ओहम' असे लिहिलेले असते. अशा एखाद्या हेडची शक्ती ८ ओहमला ३०० वॉट आणि ४ ओहमला ५०० वॉट आहे असे धरू. त्याला ८ ओहमचे एक कॅबिनेट लावले की ३०० वॉट मिळतात. तसेच दुसरे कॅबिनेट समांतर जोडले की एकूण रोध ४ ओहम होतो आणि हेड ५०० वॉट देऊ लागते. ३०० वरून ५०० वर गेल्याने सुमारे २.२ डेसिबल मिळाले. त्याशिवाय स्पीकरचे दुप्पट पडदे एकत्र हवा ढकलत असल्याने खालच्या सुरांत आणखी जवळजवळ ३ डेसिबल मिळतात. दोन्ही मिळून ही वाढ ५ डेसिबलच्या वर जाते आणि ती गाळ्यात लगेच जाणवते. एकाच कॅबिनेटवर ३०० ऐवजी ६०० वॉटचे हेड आणून एवढी वाढ कधीच मिळाली नसती.

म्हणूनच तुम्हाला विकायला आलेले ४ ओहमचे कॅबिनेट वाईट नसले, तरी तुमच्यासाठी योग्य नाही असे मला वाटते. ते लावताच हेडची मर्यादा गाठली जाते आणि पुढे काही जोडायला जागाच उरत नाही. दोन ४ ओहमची कॅबिनेट समांतर जोडली तर २ ओहम होतात, एक ४ आणि एक ८ जोडले तर २.६७ होतात, आणि या दोन्ही जोडण्या त्या हेडला झेपणाऱ्या नाहीत. कॉम्बो घेतानाही हाच प्रश्न विचारावा, कारण आतला स्पीकर ४ ओहमचा असेल तर बाहेर काही जोडता येत नाही. फेंडर कंपनीच्या रम्बल ५०० या कॉम्बोचे उदाहरण घ्या. त्यात दोन दहा इंची स्पीकर आहेत, ते एकटे असताना त्याची शक्ती ३५० वॉट असते आणि बाहेरून ८ ओहमचे कॅबिनेट जोडल्यावर ती ५०० होते. कॉम्बो असूनही पुढची वाट मोकळी ठेवणारी ही रचना आहे.

वजनाचा विचार तुम्ही केलाच असेल. फेराइट चुंबकांचे जुने चार दहाचे कॅबिनेट चाळीस किलोच्या आसपास जाते आणि ते रिक्षात बसवायचे तर तुम्हाला बाहेर बसावे लागेल. निओडिमियम चुंबकाचे बारा इंचीचे एक कॅबिनेट एका हाताने उचलता येते. माझा सल्ला स्पष्ट आहे: ८ ओहमचे, बारा इंचीचे एक चांगले कॅबिनेट आज घ्या, आणि पुढच्या वर्षी अगदी तेच, त्याच जातीचे दुसरे घ्या.

सोल्डरगन

मी बुधवार पेठेत दुरुस्तीचे काम करतो, म्हणून फक्त माझ्या टेबलावर येणाऱ्या गोष्टी सांगतो.

अमेरिकेहून आणायच्या हेडबद्दल आधी लिहितो, कारण दर दिवाळीनंतर अशी दोन-तीन हेड माझ्याकडे मृतावस्थेत येतात. तिथला पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा आहे, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा. काही हेडच्या मागच्या पट्टीवर '१०० ते २४०' असे छापलेले असते. ती इथे निर्धास्त वापरावीत. काहींना मागे किंवा आत व्होल्टेज बदलण्याचा खटका असतो. परंतु ज्यावर केवळ १२० लिहिले आहे ते आपल्या बोर्डात लावले की काही क्षणांत जाते, आणि ती दुरुस्ती अनेकदा हेडच्या निम्म्या किमतीपर्यंत पोहोचते. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो पुरेशा क्षमतेचा हवा. मिक्सर-ग्राइंडरसाठी घेतलेला लहान ट्रान्सफॉर्मर चालणार नाही. शिवाय ६० हर्ट्झसाठी बेताने बांधलेला जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. भावाला खरेदी करण्याआधी त्या मागच्या पट्टीचे छायाचित्र पाठवायला सांगा. ते नसेल तर हेड मागवू नका.

दुसरी गोष्ट वायरीची. गिटारपासून ॲम्पपर्यंत येणारी वायर आणि ॲम्पपासून कॅबिनेटपर्यंत जाणारी वायर बाहेरून सारखीच दिसते, पण आतून ती वेगळी असते. गिटारच्या वायरीत मध्ये एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. तिच्यातून स्पीकरचा प्रवाह नेला की ती तापते, आणि आतले आवरण वितळून दोन्ही टोके एकमेकांना चिकटली की हेडच्या आउटपुटवर शॉर्ट बसतो. कॅबिनेटसाठी दोन जाड तारांची स्पीकर वायरच वापरावी, आणि शक्य असेल तिथे स्पीकॉन जोडणी घ्यावी, कारण ती फिरवून अडकते आणि कोणाचा पाय लागून निघत नाही.

जुने कॅबिनेट घ्यायला जाताना मल्टिमीटर बरोबर न्या. ८ ओहमचे कॅबिनेट मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवते, कारण मीटर केवळ तारेचा रोध मोजतो. तो ३ च्या आसपास दाखवत असेल, तर आत जोडणी बदललेली आहे किंवा ते मुळात ४ ओहमचे आहे, पाठीमागे काहीही लिहिलेले असो. नंतर दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सर्व बाजूंनी सारखा, अगदी हलका आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे असे समजा आणि परत या.

पाचवी तार

मी पाच तारांची बेस वाजवते. माझी बी तार ३१ हर्ट्झच्या जरा खाली वाजते आणि तुमची ई तार ४१ वर. खालचे सूर फाटण्याचा प्रश्न मला तुमच्याहून आधी आला होता, म्हणून नवीन काही घेण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहा असे सुचवते.

तुमच्या कॉम्बोवरचा 'बास' हा नॉब कुठे आहे? मला खात्री आहे की तो मध्यावरून बराच उजवीकडे फिरवलेला असेल. घरी हळू आवाजात वाजवताना आपला कान खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये आलेखांतून दाखवलेली ही गोष्ट आहे. त्यामुळे आपण घरी तो नॉब वाढवतो आणि तीच मांडणी सरावाला घेऊन जातो. पण त्या नॉबवर ६ डेसिबल वाढवले की त्या सुरांसाठी ॲम्पला चौपट वॉट खर्चावे लागतात. तुमच्या ४० वॉटांतले बहुतेक तिथेच संपतात, दहा इंची पडदा आपल्या मर्यादेपलीकडे हलतो, आणि जो फाटलेला आवाज येतो तो यामुळेच. गाळ्यात तो नॉब मध्यावर किंवा त्याच्याही खाली आणा आणि मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, वाढवा. एकट्याने वाजवताना तो आवाज कोरडा वाटेल, पण ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर तुमचा प्रत्येक सूर वेगळा कळू लागेल. मुळात ई तारेचा आपल्याला कळणारा सूर बराचसा तिच्या ८२ हर्ट्झच्या आणि त्यावरच्या उपस्वरांतून घडतो. मूळ ४१ हर्ट्झ क्षीण असला तरी कान तो सूर भरून काढतो. ॲम्पेग कंपनीचे आठ दहा इंची स्पीकरचे प्रसिद्ध बंद कॅबिनेटसुद्धा ५८ हर्ट्झच्या खाली उतरू लागते, आणि तरीही त्याचा आवाज उथळ आहे असे कोणी म्हणत नाही.

त्याच कारणाने ३० ते ४० हर्ट्झच्या खालचे सर्व कापणारा हाय-पास फिल्टर मला कोणत्याही इफेक्टपेक्षा मोलाचा वाटतो. त्या पट्ट्यात संगीत फारसे नसते. तळव्याचा धक्का, तारेवर बोट आपटणे, मंचाचे हादरे हेच असते, आणि पडद्याची सर्वांत जास्त धावपळ त्यासाठी होते. हेड निवडताना त्यात हा फिल्टर आहे का ते पाहा.

आणखी एक, खोलीविषयी. आपल्याकडच्या फ्लॅटमधली खोली बहुधा १० बाय १२ फुटांची असते. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या अंतराच्या दुप्पट तरंगलांबीचा सूर त्या खोलीत घुमतो. बारा फुटांच्या अंतराला तो सुमारे ४७ हर्ट्झ येतो आणि दहा फुटांच्या अंतराला ५६. म्हणजे ई तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटचा एफ शार्प आणि मोकळी ए तार हे दोन सूर तुमच्या घरात फुगणारच, ॲम्प कोणताही असो. मी दोन महिने माझ्या ए तारेला दोष देत होते, आणि ॲम्प कोपऱ्यातून चार फूट पुढे ओढल्यावर तो दोष निघून गेला. दुकानात ऐकतानाही कॅबिनेट कोपऱ्यात ठेवलेले असेल तर ते पुढे घ्यायला सांगा. कोपरा प्रत्येक कॅबिनेटला मोठे दाखवतो.

मिक्सरमागून

वरील सर्व प्रतिसाद योग्य आहेत, तरीही मी ध्वनिसंयोजक म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. नाट्यगृहातल्या प्रेक्षकापर्यंत तुमच्या ॲम्पचा आवाज पोहोचावा, अशी माझी इच्छा नसते. मला तुमचा सूर डीआय (वाद्याचा सूर वायरीने मिक्सरला देणारी जोडणी) मधून, थेट मिक्सरमध्ये हवा असतो.

फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली आणि पुढच्याच वर्षी बेसमन ॲम्प आणला, ज्यात एकच पंधरा इंची स्पीकर होता. मग ड्रम आणि गिटारचे ॲम्प मोठे होत गेले, प्रेक्षागृहे मैदानांइतकी झाली, आणि सभागृहाची ध्वनियंत्रणा तेव्हा गाण्याचा आवाज कसाबसा पेलत असल्यामुळे बेसचा भार मंचावरच्या ॲम्पनेच उचलायचा होता. १९६९ मध्ये आलेला ॲम्पेगचा ३०० वॉटचा एसव्हीटी ॲम्प त्या गरजेतून जन्मला. आज ती गरज बहुतांशी सभागृहाची यंत्रणा भागवते. तुमचा मंचावरचा ॲम्प तुमच्यासाठी आणि ड्रमवादकासाठी असतो. त्याने तिसऱ्या रांगेत पोहोचण्याचा प्रयत्न केला की माझ्या हातात काही उरत नाही. भावगीतांच्या कार्यक्रमात तर याचा फारच त्रास होतो. तबल्याच्या डग्ग्याची गुंज आणि बेसचे सूर एकमेकांच्या अगदी जवळ असतात. मंचावर बेस मोठी असली की डग्ग्यासमोरचा माइकच ती उचलतो, आणि मग डग्गा कमी केला तर ठेका हरवतो, ठेवला तर गायिकेचे शब्द झाकोळतात.

त्यामुळे हेड निवडताना डीआय आउटपुट चांगला आहे का, तो इक्वलायझरच्या आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही प्रकारे घेता येतो का, आणि त्याला ग्राउंड लिफ्टचा (मिक्सरकडे जाणाऱ्या वायरीतली अर्थची जोडणी तोडणारा) खटका आहे का, हे तीन प्रश्न मी वॉटच्या आधी विचारेन. मला नेहमी इक्वलायझरच्या आधीचा सूर द्यावा. मग तुम्ही मंचावर स्वतःसाठी हवे ते बदल करा, बाहेर त्याचा परिणाम होत नाही.

मांडवातल्या घुमेबद्दल एक कळकळीची विनंती आहे. ५० हर्ट्झचा घुंकार येऊ लागला की काही मंडळी थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घुंकार थांबतो हे खरे, पण दोष उद्भवल्यास प्रवाहाला जमिनीकडे जायला असलेला मार्गही बंद होतो, आणि मग तो मार्ग तुमच्या तारांवरच्या बोटांतून आणि माइकला टेकलेल्या ओठांतून जातो. पावसाने ओल्या झालेल्या मंचावर मी एका गिटारवादकाला असा धक्का बसताना पाहिला आहे. घुंकार घालवायचा असेल तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट वापरावा आणि सगळ्या वाद्यांचे ॲम्प एकाच बोर्डावर घ्यावेत. अर्थिंगच्या पिनला हात लावू नये.

जुनी तार

मिक्सरमागून यांच्याशी मी नाट्यगृहापुरता पूर्ण सहमत आहे. तिथे शंभर वॉटचा कॉम्बो पायाशी ठेवला तरी पुरतो. परंतु खर्जातला यांची अडचण सरावाच्या गाळ्यातली आहे, आणि तिथे मिक्सर असला तरी त्यावर दोन लहान स्पीकर आणि गाण्याचा माइक असतो. त्यातून बेस सोडली तर गाणेही जाते आणि बेसही. सोसायटीच्या आवारातले अनेक कार्यक्रमही असेच असतात. जिथे यंत्रणा नाही तिथे पडद्यांचे क्षेत्रफळच कामी येते.

त्या क्षेत्रफळाबद्दलही एक समज दूर करतो. पंधरा इंचीने खालचे सूर येतात आणि दहा इंचीने वरचे, असे सर्रास सांगितले जाते. दहा इंची एका पडद्याचे प्रभावी क्षेत्रफळ साधारण ३४५ चौरस सेंटिमीटर, बारा इंचीचे ५३० आणि पंधरा इंचीचे ८५५ च्या आसपास असते. म्हणजे दोन दहा मिळून एका पंधराहून कमी भरतात आणि दोन बारा त्याहून बरेच जास्त. किती खाली उतरायचे हे पेटीचे आकारमान, छिद्राची जुळवणी आणि स्पीकरची घडण ठरवते. केवळ इंच ठरवत नाहीत. म्हणूनच एका जातीचे पंधरा आणि दुसऱ्या जातीचे दोन दहा एकमेकांवर ठेवण्यापेक्षा सारखी दोन कॅबिनेट घ्यावीत असे मी म्हणतो. वेगवेगळ्या पेट्यांमध्ये काही सुरांवर पडदे एकाच वेळी पुढे येत नाहीत, आणि नेमके तेच सूर खोल गेल्यासारखे ऐकू येतात.

आणि दोन कॅबिनेट मांडताना ती शेजारी-शेजारी ठेवू नका, एकावर एक ठेवा. उभ्या रांगेत स्पीकर असले की मंचाच्या रुंदीभर आवाज सारखा पसरतो, आणि वरचे कॅबिनेट तुमच्या कानाच्या जवळ येते. तुमचे गुडघे ऐकत नाहीत, कान ऐकतात, हे तरुण वादकांना मी नेहमी सांगतो.

खर्जातला

सर्वांचे मनापासून आभार. पाचवी तार यांनी सांगितलेला प्रयोग याच रविवारी केला. माझा बासचा नॉब खरोखरच पूर्ण उजवीकडे होता. तो मध्याच्या थोडा खाली आणला आणि मिड वाढवला, तेव्हा फाटणे जवळजवळ थांबले आणि आमच्या गिटारवादकाने न विचारता 'आज तुझे सूर कळत आहेत' असे सांगितले. तरीही ड्रमवादक पूर्ण जोरात आल्यावर आवाज कमी पडतो, त्यामुळे खरेदी करणार हे नक्की.

आतेभावाने छायाचित्र पाठवले. त्या हेडवर केवळ १२० लिहिलेले होते, म्हणून तो विचार सोडला. चार दहाचे कॅबिनेटही सोडले. इथेच एक क्लास डी हेड घेतले आहे, ८ ओहमला ३०० आणि ४ ओहमला ५०० वॉटचे, हाय-पास फिल्टर आणि डीआय असलेले; आणि त्याबरोबर बारा इंची, ८ ओहमचे, निओडिमियमचे एक कॅबिनेट. रिक्षात ते पायाशी मावले. सोसायटीत रात्री दहानंतर मी हेडफोन लावूनच वाजवतो, कारण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खालचे सूर भिंतीतून शेजाऱ्यांकडे सर्वांत आधी पोहोचतात.

सोल्डरगन

उत्तम निवड केलीत. पावसाळ्यात कॅबिनेट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कागदी पडद्यावर बुरशी धरते. मांडवात जनरेटरवर वाजवणार असाल तर हेड सुरू करण्याआधी बोर्डावरचे व्होल्टेज मोजायला सांगा. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल असेल तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी त्याहून बरेच जास्त व्होल्टेज येते, आणि मग हेडबरोबर कीबोर्डही जातो.

खर्जातला

सात महिन्यांनी हा धागा पुन्हा वर आणत आहे, कारण एका अडचणीत सापडलो आहे.

एका कॅबिनेटवर गणेशोत्सवातले आणि नंतरचे सगळे कार्यक्रम व्यवस्थित पार पडले. गेल्या आठवड्यात त्याच कंपनीचे, त्याच जातीचे दुसरे कॅबिनेट जुने मिळाले. मल्टिमीटरवर ५.८ ओहम दाखवले, पडदा घासत नव्हता, एकटे लावून ऐकले तेव्हा आवाजही नीट होता. पण गाळ्यात दोन्ही एकावर एक ठेवून जोडली, तर आवाज वाढण्याऐवजी पोकळ झाला. वरचे सूर मोठे झाले आहेत, पण खालचे सूर जणू कोणी काढून घेतले आहेत. एक कॅबिनेट बंद केले की बेस परत येते. हेड बिघडले असेल का? की दोन कॅबिनेटचा भार त्याला झेपत नाही?

सोल्डरगन

हेड बिघडलेले नाही. दोन कॅबिनेटपैकी एकाच्या आतल्या तारा उलट जोडलेल्या आहेत. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालच्या सुरांची तरंगलांबी कित्येक फूट असल्यामुळे ते एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडतात. वरच्या सुरांची तरंगलांबी लहान, म्हणून ते वाचतात. एकटे ऐकताना हा दोष कधीच कळत नाही.

तपासायला ९ व्होल्टची बॅटरी घ्या. हेडपासून दोन्ही कॅबिनेट सोडवा. स्पीकर वायरीच्या मोकळ्या टोकांना, धनाला धन आणि ऋणाला ऋण अशी, बॅटरी फक्त क्षणभर लावा आणि पडद्याकडे पाहा. ज्या कॅबिनेटचा पडदा पुढे येतो ते बरोबर आहे. बॅटरी लावून धरू नका.

खर्जातला

आत्ताच तपासले. माझ्या कॅबिनेटचा पडदा पुढे आला आणि जुन्या घेतलेल्याचा आत गेला. मागची पट्टी उघडली तेव्हा स्पीकरच्या टोकांवर हाताने केलेले नवे सोल्डर दिसले. आधीच्या मालकाने कधीतरी स्पीकर बदलून घेतला असावा आणि तेव्हा लाल-काळी तार उलटी लागली असावी. तारा बदलून पट्टी परत बसवली आणि बॅटरीने पुन्हा पाहिले, आता दोन्ही पडदे एकदमच पुढे येतात. शेजाऱ्यांमुळे घरी मोठ्याने वाजवता आले नाही, पण हळू आवाजातही मोकळ्या ई तारेला टेबलावरचा स्टीलचा पेला हलला.

रविवारी गाळ्यात दोन्ही लावणार आहे. ड्रमवादकाला अजून काही सांगितलेले नाही.

पाचवी तार

बासचा नॉब मात्र मध्यावरच ठेवा. दुसरे कॅबिनेट आल्यावर तो आणखी थोडा खाली आणावा लागेल, कारण खालचे सूर आता आपोआप जास्त येतील. आणि कोपऱ्यापासून चार फूट.